चंद्र आधी, मग मामा

आमच्या घरात परदेशी गेलेलं कुणीच नव्हतं. बाबा फौजेत असताना सरहद्दीपर्यंत खूपदा गेले, पण पलीकडे नाही. त्यामुळे दिवाळीत मामाकडे नेपाळला जायचं ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या पायरीवर, जरा चाचरतच, मैत्रिणींना सांगून टाकलं की मीही परदेशी चालले आहे. त्या वर्षी आमच्या वर्गात परदेशाची साथ आली होती. कुणाचा काका कॅनडात, कुणाची बहीण लग्न होऊन अमेरिकेत, कुणाचे वडील कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला. दर सोमवारी कुणीतरी नवं चॉकलेट आणायचं आणि मी त्याचा कागद घडी करून पुस्तकात ठेवायची.

“कहाँ?” मैत्रिणीने विचारलं.

“नेपाळ.”

“यार, नेपाळ फॉरेन थोडी होता है. पासपोर्ट लगेगा?”

“नहीं.”

“फिर?”

 घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा नुकतेच फौजेतून निवृत्त होऊन नोएडातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले होते, आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटचं क्वार्टर सोडून आम्ही नोएडातल्याच एका सेक्टरमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. बाबा बूट पुसत होते. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला.

“मधे चेकपोस्ट आहे ना?”

“आहे.”

“मग परदेश.”

तेवढ्यावर मी खूश झाले. माझं असंच होतं. कुणीतरी ठामपणे सांगितलं की मला बरं वाटतं.

आईला मात्र तो परदेश आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला भाऊबीज करायची होती. मामा तिचा एकुलता एक भाऊ. आमचं गाव विट्याच्या बाजूला. तिकडची मुलं फार लहानपणी गलाईच्या कामाला बाहेर पडतात. सोनारांकडचे जुने दागिने, दुकानातला झाडलेला कचरासुद्धा मुशीत वितळवायचा आणि त्यातून चोख सोनं-चांदी वेगळं काढायचं, हे ते काम. त्यांतले कुणी केरळात जातात, कुणी बंगालमध्ये. मामा काठमांडूला गेला तो तिकडचाच झाला. भावाबहिणीची भेट होत नव्हती असं नाही. गावच्या जत्रेला उन्हाळ्यात व्हायची. पण दिवाळीत बाबांना कधी रजा मिळायची नाही आणि मामाला कधी निघता यायचं नाही, कारण सोनाराचं काम दिवाळीतच जोरात. म्हणजे भेट होती, भाऊबीज नव्हती. मला कळायला लागल्यापासून तरी मी ती पाहिली नव्हती.

आमच्याकडे भाऊबीजेला संध्याकाळी बीजेचा चंद्र दिसला की आधी त्याला ओवाळतात, मग भावाला. भाऊ जवळ नसेल तर नुसत्या चंद्राला ओवाळायचं, तोच भाऊ. आई दरवर्षी कॅन्टोन्मेंटच्या मैदानात उभी राहून त्याला ओवाळायची, आणि मी शेजारी तेलाची बाटली धरून उभी असायची. पंजाबी शेजारणी आमच्याकडे बघायच्या. मला लाज वाटायची, आईला वाटायची नाही.

त्या वर्षी बाबांनीच विषय काढला. “मला नवी नोकरी आहे, दिवाळीत सुट्टी मिळणार नाही. पण तुम्ही दोघी जा. पोरगी कॉलेजात शिकते. ती नेईल तुला.”

पोरगी नेईल. हे वाक्य ऐकून माझं डोकं इतकं हलकं झालं की मी गच्चीवर जाऊन दोन फेऱ्या मारून आले.

सामान आईने बांधलं. चकल्यांचा पत्र्याचा डबा, करंज्यांचा दुसरा डबा, मामीला साडी, खण, नारळ, तांदूळ, पितळेचं तबक आणि निरांजन. शेवटी तिने लाकडी पाट बाहेर काढला.

“आई, पाट? तिथे पाट मिळेल ना.”

“परदेशात पाट मिळतो का?” आई म्हणाली. परदेश हा शब्द तिने वापरला तो त्या एकदाच, आणि माझ्यावर उलटवायला.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सरहद्दीपर्यंत बस, आणि सरहद्द सायकलरिक्षातून. मी कमानीकडे डोळे लावून बसले होते. आजूबाजूला ट्रक, केळीवाले, पैसे बदलून देणारे, आणि सगळीकडे एकच धूळ.

“झाला का सुरू?” आईने विचारलं.

मी रिक्षावाल्याला विचारलं, “भैया, नेपाल कब आएगा?”

“कब का आ गया,” तो मान न वळवता म्हणाला.

मला थोडं वाईट वाटलं. माझा तो क्षण बघायचाच राहिला होता. तेवढ्यात तपासणीच्या टेबलावरच्या शिपायाने आमचा चकल्यांचा डबा उघडायला लावला आणि आत बघत राहिला.

“ये क्या है?”

“चकली,” आई म्हणाली. “खाके देखो.”

त्याने खाल्ली. मग पलीकडच्या शिपायाला बोलावलं. त्यानेही खाल्ली. पाटाबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. तिसऱ्याने मला सांगितलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ वेगळी आहे. मी मनगटावरचं बाबांचं जुनं घड्याळ काढून काटा पुढे सरकवला आणि एकाएकी इतकी आनंदले की हसूच आवरेना. पंधरा मिनिटांचा का होईना, परदेश होता. मैत्रिणींना सांगायला पुरावा मिळाला होता.

आम्ही भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोहोचायला हवं होतं. पण डोंगराच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा झाला आणि त्याच्यामागे आमची बस थांबून राहिली. खाली हिरवी-पांढरी नदी, वर भाताच्या पायऱ्या, पायऱ्यांवर मधेच एक घर, घरावर सुकत घातलेला मका. मी आयुष्यात इतकं उभं जग पाहिलं नव्हतं. दिल्लीत सगळं आडवं असतं. आईने एकदा खिडकीतून खाली पाहिलं आणि मग पाट मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली.

“आई, बघ तरी.”

“ट्रक हलला की सांग.”

काठमांडूला पोहोचलो तेव्हा भाऊबीजेची दुपार कलत आली होती. मामाची गल्ली जुन्या शहरात, दोन्ही बाजूंना उंच अरुंद घरं, वर आकाशाची एक पट्टी. मामी दारातच उभी होती. तिच्या पायाशी उंबऱ्यावर तेलाची धार सांडल्यासारखी दिसत होती आणि अक्रोडाची फुटलेली टरफलं पडली होती. आत मामा बसला होता. त्याच्या कपाळावर नाकापासून केसांपर्यंत सात रंगांचे ठिपके एकावर एक, आणि गळ्यात जांभळ्या गोंड्यांसारख्या फुलांची माळ.

आई उंबऱ्यावरच थांबली. “कुणी ओवाळलं?”

मामी गडबडली. “वन्सं, इथली भाऊबीज म्हणजे टिका, तो दिवसाच असतो. उंबऱ्यावर तेलाची धार धरतात, अक्रोड फोडून भावाची पीडा घालवतात. रेडिओवर वेळ सांगतात. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण दिदी दरवर्षी लावतात ह्यांना. म्हणतात, बहीण लांब आहे तर मी आहे. तुमची गाडी येईना, आणि वेळ चालली होती...”

“बरं केलं,” आई म्हणाली. बाबांनी कोथिंबिरीऐवजी पालक आणला की ती ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात.

मामा उठून आईच्या पाया पडला. त्याचे डोळे भरले होते आणि सात रंगांमुळे तो एखाद्या सजवलेल्या बैलासारखा दिसत होता, आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण ती त्याच्या कपाळाकडे बघत होती.

स्वयंपाकघरात तिने मला बाजूला ओढलं. “सगळं आवरून बसलेत. मी काय आता उरलंसुरलं ओवाळू?”

मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. ते अशा वेळी वापरू नये हे मला अजून समजलं नव्हतं. “पण आई, तू नाही का मामाच्या जागी चंद्राला ओवाळायचीस? तसंच त्यांनी...”

“चंद्राला मी अक्रोड फोडून घातले नव्हते,” आई म्हणाली.

मग तिने तोंड धुतलं, साडी बदलली, तबक पुसलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं की आपल्याकडे भाऊबीज संध्याकाळी असते. सगळं रीतीने होईल. चंद्र आधी, मग भाऊ.

मामाने मामीकडे पाहिलं. “आक्का, इथं बीजेचा चंद्र दिसत नाही.”

“म्हणजे?”

“ह्या गल्लीत आकाशच केवढं. आणि मावळतीला डोंगर. तो त्याच्याआड कधी जातो, कळतसुद्धा नाही.”

“मग मी नाही ओवाळत.”

“कमाल करतेस. एवढ्या लांबून आलीस, मी समोर बसलोय...”

“इतकी वर्षं तो तुझ्या जागी उभा राहिला,” आई म्हणाली. “आज भाऊ मिळाला म्हणून त्याच्याकडे पाठ करू व्हय?”

 आईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. मला पहिल्यांदा वाटलं की आपण एवढ्या लांब येऊन भाऊबीज न करताच परत जाऊ शकतो. तबक, पाट, सगळं तसंच घेऊन.

जिन्यात कुणीतरी खोकलं. घरमालकीण दिदी होत्या. वयाने आईपेक्षा थोड्या मोठ्या, खांद्यावर शाल, कानात फूल. त्यांनी मला हिंदीत विचारलं, “क्या हुआ? दिदी नाराज?”

मी सांगितलं. चाचरत, मधे मराठी घुसवत, चंद्र, आरती, आधी तो, मग हा. माझ्या हिंदीतून त्यांना काय पोहोचलं देव जाणे. त्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “चाँद? चाँद स्वयंभू से दिखेगा. ऊपर, पहाडी पर. पर अभी जाना पडेगा. जल्दी.”

आणि आमची वाट न बघता त्या जिना उतरायलाही लागल्या.

त्यानंतर जे झालं ते मला आजही नीट ओळीने आठवत नाही, कारण आम्ही सगळे पळत होतो. पुढे दिदी. त्यांच्या मागे तबक पदराखाली धरलेली आई. मामाच्या हातात करंज्यांचा डबा, मामीकडे तेलाची बाटली आणि हळदकुंकू, आणि माझ्या डोक्यावर पाट. नदीवरचा पूल ओलांडताना लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देत होते. मामाच्या गळ्यातली माळ उडत होती. दुकानदार त्याला ओळखत होते, हसून काहीतरी विचारत होते, आणि तो पळता पळता नेपाळीत उत्तरं देत होता.

“काय विचारतायत?” मी धापा टाकत विचारलं.

“घराला आग लागली का म्हणतायत.”

“मग तू काय सांगितलंस?”

“बहीण आलीय म्हटलं.”

टेकडीच्या पायऱ्या सरळ आभाळात चढतात. आई, जिला आमच्या नोएडाच्या जिन्यात दर मजल्याला थांबावं लागतं, ती एकदाही थांबली नाही. अर्ध्या वाटेवर माकडांची टोळी बसली होती. त्यातल्या एकाने मामाच्या हातातला डबा पाडला आणि करंज्या पायऱ्यांवरून घरंगळल्या. मामी ओरडली.

“राहू दे,” आई मागे न बघता म्हणाली. “त्याच्या बहिणीने पाठवल्या म्हणावं.”

दिदींना शब्द कळले नसतील, पण त्या खो-खो हसायला लागल्या. मग मामी हसली, मग मी, आणि पाट डोक्यावरून निसटला. मामाने तो झेलला.

वर पोहोचलो तेव्हा सूर्य गेला होता. स्वयंभूच्या स्तूपाचा पांढरा मोठा घुमट, त्यावर रंगवलेले डोळे चारी बाजूंना बघत असलेले, दोऱ्यांवर फडफडणाऱ्या रंगीत पताका, आणि खाली सगळं शहर वाटीत ठेवल्यासारखं. उत्तरेकडे ढगांच्या वर काहीतरी गुलाबी होतं. मी ते ढगच समजले. मामी म्हणाली, हिमालय. मला ते खरं वाटायला थोडा वेळ लागला. इतक्या उंचीवर जमीन असेल अशी माझी कल्पनाच नव्हती.

“इकडे बघ,” आईने माझा खांदा धरून मला फिरवलं.

मावळतीच्या डोंगरावर, हात उंचावला तर लागेल असा, चंद्र होता. करंजीच्या मुरडलेल्या कडेएवढा. आणि तो खाली चालला होता.

आईने निरांजन पेटवलं. वाऱ्याने विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. मामीने पदर आडवा धरला तरी विझलं. काड्यापेटी रिकामी झाली.  तेव्हा दिदींनी काही न विचारता तिच्या हातातून निरांजन घेतलं, पलीकडे देवापुढे ओळीने लावलेल्या तुपाच्या दिव्यांपैकी एकावर वात टेकवली, आणि ज्योत शालीच्या आत छातीशी धरून परत आल्या. आईने एकदा त्या दिव्यांकडे पाहिलं, एकदा दिदींकडे. मग तबक पुढे केलं.

“बस पाटावर,” ती मामाला म्हणाली.

मामा कठड्यापाशी बसला. चंद्र आता डोंगराला टेकत आला होता. आईने तबक उचललं आणि थांबली. चंद्राला ओवाळून, वळून, वाकून भावाला ओवाळेपर्यंत वेळ उरणार नव्हता. कुणा एकाला सोडावं लागणार होतं.

“ऊठ,” ती म्हणाली. “उभा राहा पाटावर. थोडा डावीकडे. अजून. हां.”

मामा पाटावर उभा राहिला, आणि चंद्र त्याच्या बरोबर कानाच्या वर आला. आईने टाचा उंचावल्या आणि एवढा मोठा फेरा घेतला की त्यात दोघे मावले. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. दिदी शाल पसरून वारा अडवत तिच्या बाजूने सरकत होत्या. मी मामीकडून घेतलेली तेलाची बाटली घट्ट धरून उभी होते. कॅन्टोन्मेंटात उभी राहायची तशीच, फक्त लाज वाटत नव्हती. एका गोऱ्या प्रवाशाने मला इंग्रजीत विचारलं की हा कोणता सण. आयुष्यात परदेशी माणूस माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. “ब्रदर्स फेस्टिव्हल,” मी म्हटलं. “अँड मून.” त्याने आदराने मान हलवली.

कुंकू लावायची वेळ आली तेव्हा मामाच्या कपाळावर जागाच नव्हती. आईने क्षणभर शोधलं. मग सात रंगांच्या खाली, दोन भुवयांच्या मधे, तिने आठवा ठिपका लावला. बोट पुसायच्या आधी तिने वरचा एक ओघळलेला पिवळा ठिपकाही नीट केला.

“बरं लावलंय,” ती म्हणाली. या वेळी आवाज वेगळा होता.

ओवाळणी घालायला मामाने खिसे चाचपले. पळताना पाकीट घरीच राहिलं होतं. खिशात निघाला तो सकाळच्या टिक्याच्या प्रसादातला एक अक्रोड, न फोडलेला. त्याने तो तबकात ठेवला आणि कान धरले. वर पाहिलं तेव्हा डोंगरावर नुसता उजेड होता.

घरी आल्यावर आईने दिदींना पाटावर बसवलं. मामीसाठी आणलेला खण, नारळ, तांदूळ. मामीला साडी दिलीच होती. “पदर पसरा,” आई म्हणाली. त्यांना कळेना. मी खुणेने दाखवलं. त्यांनी शाल पसरली. आईने ओटी भरली आणि दिदींनी तो नारळ दोन्ही हातांत धरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला माहेरची वागणूक देतंय, असं काहीसं त्या मामीला नेपाळीत म्हणाल्या. मामीने अर्थ सांगितला तेव्हा आई पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचे दिवस आम्ही खूप फिरलो. पशुपतिनाथाच्या दारात आईने चपलांपाशी मला उभं केलं आणि स्वतः तीनदा आत जाऊन आली, कारण दर वेळी कुणाच्या तरी नावाने दर्शन घ्यायचं राहिलेलं असायचं. एका पहाटे मामाने आम्हाला दूरच्या टेकडीवर नेलं. हिमालयाची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली आणि आईने गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हटलं, “एवढं सगळं आपल्या मामाच्या गावाला.” जणू ती त्याचीच जमीन होती. परतताना घड्याळाचा काटा मागे घ्यायचं मी मुद्दाम विसरले. कॉलेजात आठवडाभर मी पंधरा मिनिटं आधी पोहोचत होते. मैत्रिणींना मी नेपाळी चॉकलेट दिलं. त्यांनी ते खाल्लं आणि नेपाळ परदेश आहे की नाही यावर पुन्हा वाद घातला. मी त्यात पडले नाही.

अक्रोड आईने देव्हाऱ्यात ठेवला.

पुढच्या दिवाळीला जाणं जमलं नाही. नोएडात आमच्या मावळतीच्या बाजूला नवी इमारत उभी राहत होती, आणि भाऊबीजेपर्यंत तिचे इतके मजले झाले होते की गच्चीवरून यमुनेकडचं आभाळ अर्धंच उरलं होतं. आई दुपारपासून आत-बाहेर करत होती. संध्याकाळी फोन वाजला. आमच्याकडे तेव्हा नवाच फोन आला होता. बाबांनी उचलला, आणि मामाचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला. तो स्वयंभूच्या टेकडीखालच्या फोनच्या दुकानातून बोलत होता.

“आक्काला सांगा, आत्ताच आमच्या डोंगराआड गेला. दिदी पण होत्या. निघालाय तुमच्याकडे.”

बाबांनी ते मला सांगितलं, मी आईला. आईने ते इतक्या गंभीरपणे ऐकलं, जणू मामाने तो गाडीतच बसवून दिला होता. मग तिने नव्या इमारतीकडे पाहिलं, पदर खोचला आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायला लागली. मी खालून तबक वर दिलं.

“दिसतोय का विचारतोय,” बाबा आतून म्हणाले. फोनची वायर गच्चीपर्यंत पुरत नव्हती.

“आई, दिसतोय का?”

 टाकीच्या वर, विटांच्या आणि लोखंडी सळ्यांच्या फटीकडे तोंड करून ती टाचा उंचावत होती. मग निरांजन हललं. एक मोठा फेरा, दोघे मावतील एवढा.

“दिसला म्हणून सांग,” ती म्हणाली.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी रिसीव्हर तोंडाजवळ घेतला आणि फौजेत असताना वायरलेसवर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “पोहोचला. सुखरूप पोहोचला.”